इतर

रात्री साडेदहाला कॉल लागतो.
तिकडे जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली,
इकडे कुंभारीच्या विडी घरकुलात एप्रिल,
आणि पंखा लावता येत नाही, तंबाखू उडते.
मी माईक बंद ठेवते.
अम्मा उद्याची पानं आजच कापून ठेवते आहे,
पत्र्याच्या फर्म्याभोवती कात्री
कच् कच् फिरते.

माझं कामही कापायचंच.
कंपनी दोनशे देशांत पैसे इकडून तिकडे नेते,
मी तिमाहीला तिचे तुकडे पाडते:
उत्तर अमेरिका. युरोप. आशिया-पॅसिफिक.
व्यापारी सेवा. सीमेपार व्यवहार.
दहा टक्क्यांच्या आत जे राहतं
त्याला स्वतःची ओळ नाही.
ते सगळं गोळा करून तळाला टाकायचं,
इतर.

ग्रेगरी विचारतो, या तिमाहीत तरतूद का वाढवली?
मी माईक उघडते, सांगते,
बुडेल असं वाटणारं आधीच वजा करावं लागतं,
मॉडेल तसं म्हणतं.
मॉडेल अकरा जणांनी बांधलं. सात महिने लागले.

अम्मा हजाराला हजार सत्तर वळते.
चेकर मल्लेशम कट्टा उचलतो, दोन बोटांनी दाबतो,
ही सैल, हिचं तोंड उघडं,
आणि छाट बाजूला.
कधी चाळीस. घरी भांडण करून आला असेल तर साठ.
हे वरचे सत्तर तिला कोणी शिकवले नाहीत.

परवा नाक्यावर शिवलिंगप्पाच्या दुकानात
ज्वारीचे दोनशे चाळीस स्कॅन केले.
माझ्या खात्यातून गेले.
त्याचा डबा बोलला नाही.
आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत उभे,
मागे चार गिऱ्हाइकं.
मग तो म्हणाला, जा की मॅडम, पीठ जाईल का कुठं,
बोलंल संध्याकाळपर्यंत.
ते दोनशे चाळीस त्या वेळी कुठे होते
हे मला, मी इतकी वर्षं हेच करते, मला
सांगता आलं नाही.
माझी बँक पुण्याची, सर्व्हर सिंगापूरचा,
भरवसा शिवलिंगप्पाचा.
अहवाल दशलक्ष डॉलरांत असतो.
त्यात ते शून्यसुद्धा होत नाहीत.

जोखमीचं प्रकरण मीच लिहिते, बावीस पानं.
विनिमय दर. सायबर. बदलते कायदे.
एकाच मोठ्या ग्राहकावर अवलंबून राहण्याचा धोका:
दहा टक्क्यांहून जास्त उत्पन्न एकाकडून असेल
तर तसं उघड सांगावं लागतं.
आमच्या गल्लीत बत्तीस घरं, कारखाना एक.
मागच्या श्रावणात तो नऊ दिवस बंद होता.
कोणी काही उघड केलं नाही.
डाळ तेवढी पातळ झाली.

कॉल लांबतो. कोणीतरी स्लाइड शोधतंय.
अम्मा कात्री ठेवून उठते, गुडघा धरत,
माझ्या मागे येऊन पडद्यात वाकते.
यात आपलं सोलापूर कुठंय?

मी बोट ठेवते. तळाची ओळ.
काय लिहिलंय?
इतर.
तेलुगूत काय म्हणायचं शोधते आणि लक्षात येतं,
तिथेही इतरच.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघते,
कट्टा हातात घेतल्यासारखी.
लई मोठाय की गं, म्हणते.
ह्यातलं छाट कोण काढतं?

हॅलो, ग्रेगरी म्हणतो, तुमच्याकडून काही?
माईक उघडाच राहिला होता.
तिकडे सगळे थांबलेत.
अम्मा परत खाली बसली आहे
आणि कात्री सुरू झाली आहे.